अकरावी पिन

मायक्रोस्कोपच्या पडद्यावर कॅथरिनच्या बोटातली एक बारीक रक्तवाहिनी उमटली होती, आणि तिच्या अंगाला चिकटून तशीच दुसरी, जरा फिकट, चालली होती. कॅथरिनने मोकळ्या हाताने चष्मा काढला, ॲप्रनच्या टोकाला पुसला आणि पुन्हा लावला. रेघा दोनच राहिल्या. लहानपणी घरात चर्चचं कॅलेंडर असायचं. एका वर्षी त्याच्या छपाईत लाल रंग सरकला होता आणि मारियामातेचे ओठ हनुवटीवर उतरले होते. आईने ते कॅलेंडर काढू दिलं नाही, वर्षभर सगळे ते ओठ बघत जेवले. तसंच हे दिसत होतं. "मावशी, हलू नका," सुमेधा म्हणाली. "मी हललेच नाही, बाय." सुमेधाने पुन्हा बटण दाबलं. बोटाखाली कोमट पाण्याचा पातळ थर होता, बोटावर ती रिंग होती, रिंगच्या मधल्या भोकातून हिरवा उजेड लुकलुकत होता. काही दुखत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. तीस सेकंदांनी चित्र पुन्हा उमटलं. दोनच रेघा. मग सोबत काम करणाऱ्या विनयाने बोट ठेवलं. तिच्याही बोटात प्रत्येक वाहिनीला जुळी बहीण निघाली. सुमेधाने खुर्ची मागे सरकवली आणि हर्षवर्धनकडे न बघता म्हणाली, "बोटांचा काही दोष नाही. रिंगमध्ये आहे."

कामण रोडला गोदामांच्या मागे जो औद्योगिक गाळ्यांचा पट्टा आहे, त्यातला हा पहिल्या मजल्यावरचा गाळा. खाली पुठ्ठ्याची खोकी बनतात, वर ही माणसं यंत्रांसाठी आवाज ऐकणारे कान बनवतात. चौदा वर्षं झाली कॅथरिनला इथे. त्याआधी ती अंधेरीला एका कारखान्यात बहिऱ्यांसाठीची कानाची यंत्रं जोडत होती, म्हणजे आयुष्यभर तिने कानांचंच काम केलं. भिंगाखाली बसायचं, केसाहून बारीक तार चिमट्यात धरायची, पिनवर टेकवायची, कथलाचा इवलासा डाग द्यायचा. अडुसष्टाव्या वर्षी तिचा हात थरथरत नव्हता. गाळ्याचा मालक हर्षवर्धन, नायगावच्या नव्या टॉवरमध्ये राहणारा, तिच्या धाकट्या मुलाच्या वयाचा, पाहुणे आले की त्यांना तिच्या टेबलापाशी आणायचा आणि म्हणायचा, "हे आमचं सगळ्यात महागडं यंत्र." ती मान वर करायची नाही. पण घरी जाताना, रिक्षात, ते वाक्य तिला आठवायचं. घरी तिची वाट बघणारं कोणी नव्हतं. नवरा, ॲन्सेल्म, जाऊन अकरा वर्षं झाली होती, मुलं दूर होती. भिंगाखालचा तो गोल, उजेडाचा, बशीएवढा, तिथे मात्र तिच्यावाचून अडत होतं.

ही रिंग नवी होती. सुमेधा मुंबईच्या एका संशोधन संस्थेतून यायची, तिच्या मायक्रोस्कोपसाठी ती करून घेत होती. पहिल्या दिवशी चहा-खारी खाताना तिनेच समजावलं होतं. लेसरचा एक लुकलुकाट बोटावर पडतो, रक्त तो गिळतं, गरम होऊन कणभर फुगतं, आणि फुगताना आवाज करतं. "रक्त आवाज करतं?" विनयाने विचारलं होतं. "करतं ना. आपल्या कानाला न ऐकू येणारा." "मग माझ्या सासूबाईंना ऐकू येत असेल. त्यांना भिंतीपलीकडचंही येतं." सगळे हसले होते. सुमेधा म्हणाली होती, आतापर्यंत तिच्या मायक्रोस्कोपला एकच कान होता. एका कानाला आवाज किती लांबून आला ते कळतं, कुठल्या बाजूने ते कळत नाही. म्हणून तो कान एकेका ठिपक्यावर नेऊन थांबवावा लागायचा, एका बोटाच्या चित्राला बारा मिनिटं जायची, आणि मधुमेहाचा म्हातारा पेशंट बारा मिनिटं बोट स्थिर ठेवत नाही. आता गोलाकार चौसष्ट कान. एकच आवाज प्रत्येकाला किंचित मागेपुढे पोचणार, आणि त्या मागेपुढेवरून यंत्र सांगणार, इथून आला. "पण कोणता कान कुठे बसलाय ते यंत्राला बरोबर माहीत पाहिजे," सुमेधा म्हणाली होती. "नाहीतर ते खोटं बोलणार, आणि अगदी खात्रीने बोलणार." कॅथरिनची खारी चहात मोडून पडली होती ती त्याच वेळी. कोणाच्या लक्षात आलं नाही. ती चमच्याने ती शोधत राहिली.

आता हर्षवर्धनने रिंगसोबतचं कार्ड काढलं. प्रत्येक रिंगला असं कार्ड असतं. कोणती ओळ कोणी जोडली त्याची सही त्यावर असते. कनेक्टरला दोन ओळी, प्रत्येकीत बत्तीस पिना आणि शेवटी एक जादा. पहिली ओळ कॅथरिन, दुसरी ओळ विनया. गाळ्याचा एक नियम होता आणि तो भिंतीवर लावलेला होता: एक ओळ, एक हात. ज्या बाईने ओळ सुरू केली तिनेच ती संपवायची, मध्ये उठायचं नाही, कारण दोन माणसांच्या मोजण्यात फट राहते. "पहिली ओळ मावशींची आहे," हर्षवर्धन म्हणाला, जणू तेवढ्याने पहिल्या ओळीचा विषय संपला. "विनयाताई, दुसरी तुमची." विनया टेबलाला टेकून उभी होती. चाळिशीची बाई, रत्नागिरीकडची, विरारला फुलपाड्यात राहणारी, बोलायला फटकळ. हर्षवर्धनच पुढे बोलला. "टेस्टला एक चॅनल मुका निघाला होता. चौसष्टात एक मुका चालतो, म्हणून मी सोडला. पण त्याने असं चित्र येत नाही. तारा इकडच्या तिकडे झाल्यात. ताई, मागच्या वेळी काय ठरलं होतं आपलं?" मागच्या वेळी विनया ओळ अर्धी टाकून घरी गेली होती. हर्षवर्धनने सांगितलं होतं, पुन्हा असं झालं तर भिंगाखाली बसायचं नाही, खाली पॅकिंगला जायचं. "ठरलेलं आठवतंय सर," विनया म्हणाली, आणि मग तिने कॅथरिनकडे पाहिलं. फार वेळ नाही. कोणी बसस्टॉपवर उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाकडे बघावं आणि हाक मारू की नको असं मनात येऊन नजर वळवावी, तेवढाच वेळ. कॅथरिन आपलं ओलं बोट ॲप्रनला पुसत होती. ते केव्हाच कोरडं झालं होतं.

मी तर मोजलं होतं, ती मनात म्हणाली. नीट मोजलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वीची ती दुपार. हर्षवर्धन मालाच्या कामाला बाहेर गेला होता. विनयाच्या मुलीच्या, आर्याच्या, शाळेतून फोन आला, मुलगी तापाने फणफणली आहे, घेऊन जा. विनयाच्या हातात चिमटा होता, दुसरी ओळ नुकतीच सुरू केलेली. तिचा चेहरा बघून कॅथरिनच म्हणाली होती, जा तू, मी बघते. "मावशी, पण सर..." "सरांना कोण सांगतंय. जा." विनयाने कार्डावर सही केली, पर्स उचलली, दारातून मागे वळून म्हणाली, "दहा झालेत हं मावशी," आणि जिन्यावर तिच्या चपला वाजत गेल्या. कॅथरिन विनयाच्या खुर्चीत बसली. खुर्ची अजून गरम होती. तिने भिंग आपल्या डोळ्याला जुळवलं. दहा झालेत. आणि मग काय केलं? मग तिने जे केलं ते चौदा वर्षं करत आली होती, ते तिने केलं असं म्हणणंही कठीण, ते होत असे. ती तारा मोजायची नाही, जपमाळेवरची रोझरी म्हणायची. एक तार, एक नमो मारिया. ओठ हलत नसत. पूर्वी या गाळ्यात सपाट पट्ट्या बनायच्या, त्यांच्यात दहा तारांनंतर एक पिन कोरी सोडायची असायची. पहिल्यांदा ती पट्टी बघितली तेव्हा तिला हसूच आलं होतं, ही तर माळच आहे. दहा लहान मणी, मग एकटा मोठा मणी. कोऱ्या पिनवर ती आमच्या बापाची प्रार्थना म्हणायची आणि पुढच्या दहाला लागायची. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. हसले नसते कोणी, पण मग ते तिचं राहिलं नसतं. नव्या रिंगला कोऱ्या पिना नव्हत्या, सलग बत्तीस. तिने स्वतःला बजावलं होतं, इथे थांबायचं नाही. पहिल्या ओळीत ती थांबली नव्हती. पण दुसऱ्या ओळीत ती आलीच दहाच्या शेवटी. दहा दुसऱ्या कोणी म्हटलेले, आणि आपण आयतं येऊन बसलेलो. दहा म्हटल्यावर पुढे काय येतं?

पलीकडे सुमेधाने रिंग उचलून तपासण्याच्या टाकीत सोडली. डुबुक असा आवाज झाला. लहान वस्तू, थोडं पाणी. कॅथरिनच्या मानेमागे काटा आला.

बावखल फार मोठं नव्हतं. भुईगावात तेव्हा अशी पुष्कळ होती, वाडीच्या मधोमध खणलेली, विहिरीहून ऐसपैस आणि तळ्याहून लहान, गोड्या पाण्याची. त्यांच्यावर केळी आणि पानवेली जगायच्या. त्यांच्या बावखलाच्या एका अंगाला दगडी चौथरा आणि रहाट होता, समोरच्या अंगाला उतरती माती आणि उंडीचं झाड. त्या उंडीखाली आईने तिला धाकट्या भावाला, पास्कूला, घेऊन बसवलं होतं. ती आठची, पास्कू चारचा. जागचं हलायचं नाही, आई म्हणाली होती, मी धुणं वाळत घालून येते. केळीच्या रांगेपलीकडे शेजाऱ्यांचं जामाचं झाड होतं, त्या वर्षी जाम धरले होते, गुलाबी, पाणीदार. ती पाच जाम काढून येणार होती. दोन तिचे, तीन पास्कूचे, असं तिने ठरवलंसुद्धा होतं. तिसऱ्या जामाला हात घातला आणि मागून आवाज आला. मोठा नाही. कोणी कळशी बुडवावी तसा. तिला त्या क्षणी कळलं तो कुठून आला. हे साठ वर्षांत तिने कितीदा तपासून पाहिलं होतं, रात्री, दुपारी, चर्चमधल्या मिस्सात, बाळंतपणात. कळलं नव्हतं असं एकदाही निघालं नाही. ती धावत आली, ओरडली, वाडीतली माणसं धावली. उंडीखाली पास्कूची चप्पलही नव्हती, टोपी नव्हती, काहीच नव्हतं. पाणी हिरवं, शेवाळाने झाकलेलं, पुन्हा सारखं झालेलं. वडिलांनी तिचे खांदे धरले. "कुठून? आवाज कुठून आला?" आणि तिने रहाटाकडे बोट केलं.

उंडीकडून म्हटलं असतं तर लगेच पुढचा प्रश्न होता: मग तू कुठे होतीस? रहाटाकडून म्हटलं तर पास्कू तिचा हात सोडून पळाला असं झालं असतं, ती त्याच्या मागे गेली असं झालं असतं. आठ वर्षांच्या डोक्यात हे एवढं सगळं एका श्वासात कसं मावलं याचं तिला अजून नवल वाटे. सगळ्या पुरुषांनी रहाटाच्या बाजूला उड्या घेतल्या. तिथे खोल होतं, खाली दगड होते, ते एकेक दगड चाचपत राहिले. आजी काठावर गुडघे टेकून मोठमोठ्याने रोझरी म्हणू लागली. कॅथरिन आजीच्या शेजारी उभी होती, तिच्या मुठीत दोन जाम चिरडले होते आणि रस कोपरापर्यंत ओघळला होता. आजीच्या एकेका नमो मारियाला एक माणूस डोकं वर काढी, श्वास घेई, पुन्हा बुडे. पहिले दहा झाले. आजी थांबली. दहा झाल्यावर मोठ्या मण्यापाशी थांबतात, श्वास घेतात, तसं. त्या थांबण्यात किती शांत झालं होतं. आता सांग, कॅथरिनला वाटलं, आता जागा आहे. आजीने मोठा मणी धरला, आमच्या बापा सुरू केलं, आणि जागा गेली. दुसरे दहा झाले तेव्हा तिकडून उंडीच्या मुळांपाशी कोणीतरी म्हणालं, इथे आहे.

एकोणिसाव्या वर्षी, लग्नाआधी, तिने कन्फेशनमध्ये सांगितलं. जाळीमागच्या म्हाताऱ्या फादरने खोकत ऐकून घेतलं, तू लहान होतीस म्हणाला, प्रार्थना सांगितल्या, मोकळं केलं. देवाकडचं मिटलं असेल. आईला तिने कधीच सांगितलं नाही. आई नव्वदीत गेली, शेवटच्या वर्षात तिला माणसं ओळखू येत नव्हती, तरी मधूनच म्हणायची, तो रहाटाकडे कशाला गेला असेल गं, त्याला रहाटाची भीती वाटायची. कॅथरिन तिचे पाय चेपत राहायची. आता तिथे बावखल नाही. भराव घालून सपाट केलं, त्यावर गाड्या उभ्या राहतात. उंडी त्याआधीच पडली.

"पहिल्यापासून तपासायचं तर छोटा स्रोत पाण्यात धरून एकेक कान बघावा लागेल," सुमेधा सांगत होती. "त्याचा सेटअप संस्थेत आहे. दोन दिवस तरी जातील." "उद्या दहाला हॉस्पिटलमध्ये मांडायचंय," हर्षवर्धन म्हणाला. "डॉक्टरांनी पेशंट बोलावून ठेवलेत. दोन महिन्यांनी तारीख मिळालीय." "मग?" "मग कापू. दुसरी ओळ उघडू आणि डोळ्यांनी बघू." कनेक्टरवर इपॉक्सी ओतून तो बंद केला होता, दगडासारखा. ते गरम पात्याने कापायचं म्हणजे आतल्या तारा वाचतीलच असं नाही. या रिंगचे कान बनवायला पाच महिने गेले होते. हर्षवर्धनने पातं लावलं आणि त्याचा दिवा लाल झाला. तो हिरवा झाला की पातं तयार. "विनयाताई, निदान आठवून तरी सांगा, मध्ये उठला होतात का?" विनया म्हणाली, "मी काय सांगू सर." तिचा आवाज बारीक झाला होता. तिने बाही वर केली, खाली केली. कॅथरिनला वाटलं, हिने माझं नाव घ्यावं. घेतलं तर बरं होईल, मग नाकारायचं की कबूल करायचं एवढंच उरेल. पण विनया नाव घेणार नव्हती. मावशीने आपल्या मुलीसाठी केलं होतं, त्या मावशीचं नाव ती घेणार नव्हती, आणि घेतलं तर सही करून पळाल्याचंही कबूल करावं लागणार होतं. दोघींमध्ये ते असं टांगलेलं होतं.

मी नीट मोजलं होतं, कॅथरिन पुन्हा म्हणाली, पण या वेळी तिचा हातच तिला उलट बोलला. शेवटची तार. शेवटच्या तारेला जागा उरली नव्हती, आठवतंय? चिमट्यात तार होती आणि बत्तिसावी पिन भरली होती. साडेचार वाजले होते. ॲन्सेल्मच्या नावाचा वर्षाचा मिस्सा सहाला होता, कामणहून भुईगाव गाठायचं होतं. तिने भिंगातून पाहिलं, टोकाची जादा पिन दिसली, आणि तिने ती तार तिथे टेकवली. जादा पिन आहे तर ती कशासाठी तरीच असेल, असं ती स्वतःशी म्हणाली होती. म्हणजे तेव्हाच कळलं होतं. मागे कुठेतरी एक घर रिकामं राहिलंय आणि सगळ्या तारा एकेक घर पुढे सरकल्यात, हे हाताला तेव्हाच कळलं होतं. मिस्सात ती पहिल्या रांगेत बसली, ॲन्सेल्मचं नाव वाचलं गेलं, आणि तिचं लक्ष मधूनमधून त्या पिनकडे जात होतं, ती ते परत आणत होती. उंडी, रहाट. बोट कुठे करायचं ते एका श्वासात ठरतं. मग त्याच्याभोवती आयुष्य जमत जातं.

आणि सांगितलं तर? अडुसष्ट वर्षांची बाई, जी हातांनी मोजते आणि मनात माळ जपते, जी दिसलं ते न दिसल्यासारखं करते. त्या बशीएवढ्या उजेडात पुन्हा कोण बसवेल तिला? सकाळी उठून डबा कशाला भरायचा? तिला भुईगावातलं आपलं स्वयंपाकघर दिसलं, दुपारी दोनचं, खिडकीतून ऊन ओट्यावर आलेलं आणि ओट्यावर काहीच नसलेलं.

"वैताग असा आहे," सुमेधा पडद्याकडे बघत म्हणाली, कोणाला उद्देशून असं नाही, "तारा नुसत्या सरकल्या असतील ना, तर कापायची गरजच नाही. कुठून सरकल्या एवढं कळलं तर मी यंत्राला तसं सांगेन, ते आकडे बदलून घेईल. पण कुठून? मुका चॅनल तिथलाच असेल असं नाही, तो कान मेलेलाही असू शकतो."

पात्याचा दिवा हिरवा झाला. हर्षवर्धनने मूठ हातात घेतली. गाळ्यात जळक्या धुळीचा वास सुटला. खाली खोक्यांचं यंत्र खटक खटक चालत होतं, आणि कॅथरिन नकळत त्या खटक्यांवर मोजत होती, सात, आठ, नऊ, दहा, आणि खालचं यंत्र दहावर थांबलं. पुठ्ठा संपला असेल, किंवा कोणी बटण बंद केलं असेल. तेवढीच शांतता.

"दहाच्या पुढून," कॅथरिन म्हणाली.

तिघांनी वळून पाहिलं.

"दुसरी ओळ. दहावी तार जागेवर आहे. अकरावी पिन कोरी राहिलीय. तिथून पुढे सगळ्या एकेक पिन पुढे गेल्यात. शेवटची त्या जादा पिनवर आहे."

"मावशी, तुम्हाला कसं माहीत?" हर्षवर्धनने विचारलं. तो किंचित हसला, मावशी विनयाला सांभाळून घेतायत असं त्याला वाटलं असावं.

"ती ओळ मी जोडली. विनयाच्या मुलीला ताप होता, मी तिला घालवलं. दहा तिचे, बाकीचे माझे." "मी मोजत नाही हर्षवर्धन. मी रोझरी म्हणते. दहा झाले की एक घर सोडते. इथे बसल्या बसल्या तेच झालं, पुढे नाही. जुन्या पट्ट्यांना ते चालायचं. आणि शेवटची तार उरली तेव्हा मला दिसलं होतं. दिसलं आणि मी गप्प बसले."

 पातं हातात तसंच होतं. सुमेधाने मात्र खुर्ची ओढली होती आणि तिची बोटं चालू लागली होती. "म्हणजे बत्तीस अधिक दहा, त्रेचाळीसपासून त्रेसष्टपर्यंतचे एकेक मागे घ्यायचे. बेचाळीसनंतरचा चॅनल मुका. हो, मुका तोच निघाला होता. आणि चौसष्टावा ऐकूच येत नाही, कारण तो जादा पिनवर." ती स्वतःशीच बोलत होती. "या, मावशी. बोट."

कॅथरिन उठली.  तिने तेच बोट, डाव्या हाताचं, ॲन्सेल्मच्या अंगठीचं, पाण्यावर ठेवलं. रिंग खाली आली. हिरवा उजेड लुकलुकू लागला. तिच्या बोटात रक्त आवाज करत असेल, चौसष्टातल्या त्रेसष्ट कानांवर तो आवाज मागेपुढे पोचत असेल. आपल्याला काही ऐकू येत नाही, तिने विचार केला, आपण फक्त हलायचं नाही. तीस सेकंद. मग चित्र वरून खाली भरत आलं. दाट रेघा आधी, मग त्यांच्या फांद्या, मग फांद्यांची टोकं, इतकी बारीक की भिंगाखालच्या तिच्या तारा त्यांच्यापुढे दोरखंड वाटाव्यात. प्रत्येक रेघ एकटी होती.

"झालं," सुमेधा म्हणाली. तिचे डोळे चमकत होते आणि ते लपवावेत की नाही हे तिला कळत नव्हतं.

हर्षवर्धनने पात्याची वायर काढली. ती गुंडाळायला त्याने बराच वेळ घेतला. तो ओरडला असता तर कॅथरिनला सोपं गेलं असतं. "मावशी, बसा," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता: "उद्यापासून नवीन रिंग तुम्ही घेऊ नका. जुन्या पट्ट्यांची दुरुस्ती येते अधूनमधून. ती बघा." "बरं." "विनयाताई, तुम्हीही. सही करून जाता म्हणजे काय? आपण सोमवारी बोलू." "हो सर." त्याने कार्ड उचललं, पेन घेतलं, दुसऱ्या ओळीपुढे विनयाच्या नावाशेजारी कॅथरिनचं नाव लिहिलं आणि कार्ड तिच्यापुढे केलं. तिने सही केली. सही नेहमीसारखीच सरळ आली, हात जरासुद्धा थरथरला नाही, आणि तेच तिला सहन होईना.

साडेपाचला दोघी नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभ्या राहिल्या. कंटेनर जात होते, प्रत्येक कंटेनरमागून धूळ यायची आणि दोघी एकदमच नाकाला पदर-ओढणी लावायच्या.  मग विनयाचं उसळून आलं.

"दोन तास मला उभं केलंत मावशी. दोन तास. मी मनात म्हणत होते, आता बोलेल, आता बोलेल. तुम्ही आपल्या बोट पुसत बसलात."

"हो."

"हो काय. मला वाटलं तुम्हाला आठवतच नसेल. वय झालंय, विसरल्या असतील. मग म्हटलं, ही बाई चौदा वर्षांपूर्वीचा डबासुद्धा विसरत नाही." तिने ओढणी झटकली. "आणि बोलायचं होतं तर इतका उशीर कशाला? एकदम सुरुवातीलाच सांगितलं असतंत तर तो पात्यापर्यंत गेला असता का?"

"नसता गेला."

"मग?"

एक रिक्षा आली, भरलेली होती, थांबली नाही. रस्त्यापलीकडे गोदामाच्या भिंतीलगत पाण्याचं डबकं होतं, त्यात कोणीतरी खडा मारला, किंवा वरून काही पडलं. कॅथरिनने तिकडे मान वळवली. आवाज डबक्याच्या डाव्या कडेने आला होता. लाटा तिथूनच फाकत होत्या.

"माझा एक भाऊ होता," ती म्हणाली.

विनयाने तिच्याकडे पाहिलं. "कधी बोलला नाहीत."

"पास्कू. चार वर्षांचा." कॅथरिनने डाव्या हाताच्या त्याच बोटाकडे पाहिलं. ते तिने उचललं, आणि समोर, जिथे रस्ता होता, गोदाम होतं आणि धूळ होती, तिथे हवेत कुठेतरी नेमकं धरलं.

"उंडीच्या बाजूने," ती म्हणाली. "आवाज उंडीच्या बाजूने आला होता."